सुईने कळ थांबते, स्नायू सांधत नाही

बॉक्स जंपची चौथी फेरी चालू आहे. धाप लागलीय, मांड्या शिशासारख्या जड झाल्यात, घड्याळात बारा सेकंद उरलेत. खोक्यावरून मागे उडी घेऊन चवडा जमिनीला टेकवायचा आणि तसंच पुन्हा वर उसळायचं, नेमक्या त्या क्षणी पोटरीत आतल्या अंगाला कोणीतरी मागून दगड मारल्यासारखं वाटतं. वळून पाहावं तर मागे कोणी नसतं. पोटरीचा मांसल भाग जिथे खालच्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरीला मिळतो, तिथले काही तंतू तुटलेले असतात.

दुसऱ्या दिवशी लंगडत जिममध्ये गेलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. बर्फ लाव, तेल चोळून घे, पट्टी बांध. हल्ली त्यात आणखी एकाची भर पडली आहे : ‘सुया टोचून घे, दोन सिटिंगमध्ये उड्या मारायला लागशील.’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग विचार करण्याजोगा आहे, दुसरा घातक आहे. ॲक्युपंक्चरने कळ कमी होऊ शकते. तुटलेले तंतू भरून यायला जितके दिवस लागतात, ते मात्र सुईने घटतात असं म्हणायला भक्कम आधार नाही. दुखणं थांबलं म्हणजे जखम भरली असं समजून लोक परत खोक्यावर चढतात आणि तीच पोटरी दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा वाईट फाडून घेतात.

मग सुया घ्यायच्या कशाला? दुखापतीनंतर खरी दुरुस्ती होते ती हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने. पण कळ इतकी असते की तो व्यायामच करवत नाही. सुईने कळ जरा खाली आली की तेवढ्या मोकळ्या वेळेत तो करून घेता येतो. सुईचा उपयोग एवढाच, पण तो खरा आहे.

अंग आंबणं म्हणजे दुखापत नव्हे

आधी एक वर्गवारी करून टाकू, कारण निम्म्या लोकांना सुईची गरजच नसते.

खूप दिवसांनी बर्पी, लंजेस, केटलबेल स्विंग असं सगळं एका दमात केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं. जिना उतरताना मांड्या धरतात, कमोडवर बसताना देव आठवतो. हे दुखणं २४ ते ७२ तासांत शिखराला पोचतं आणि साधारण आठवड्याभरात आपोआप ओसरतं. स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, म्हणजे उतरताना, वजन खाली आणताना, तेव्हा त्यात बारीक इजा होते आणि तिच्या दुरुस्तीची ही सूज असते. ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय’ हे स्पष्टीकरण जिममध्ये अजून जिवंत आहे, पण ते ॲसिड व्यायाम थांबल्यावर तासाभरातच निघून गेलेलं असतं. आंबलेल्या अंगासाठी ॲक्युपंक्चरवर झालेले प्रयोग लहान आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे : यासाठी पैसे घालवू नका. हलकी सायकल, पोटभर जेवण, दोन रात्री नीट झोप, एवढं पुरे.

एक अपवाद मात्र जिवावर बेतणारा आहे. स्नायू टणक सुजले, हात-पाय उचलवेनासे झाले आणि लघवी कोला किंवा काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू विरघळून त्यातला माल रक्तात उतरतो आहे. त्याने मूत्रपिंड बंद पडू शकतं. तिथे सुई नाही, मसाज नाही. थेट हॉस्पिटल, त्याच दिवशी.

सुईचा विचार करायचा तो उरलेल्या दोन प्रकारांत. एक म्हणजे झटक्यात झालेली ओढाताण : पोटरी, मांडीचा मागचा भाग, कंबर. दुसरी म्हणजे महिनोन्‌महिने कुरकुरणारी कंडरा किंवा सांधा : खांदा, कोपराची बाहेरची बाजू, गुडघ्याच्या वाटीखालची जागा. यातल्या दुसऱ्या प्रकारात ॲक्युपंक्चरची बाजू जास्त मजबूत आहे.

टोचल्यावर आत काय होतं

चिनी परंपरा सांगते की शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरावीक वाटांनी वाहते आणि सुईने तिचा अडथळा निघतो. शरीर उघडून पाहिलं तर अशा वाटा सापडत नाहीत. पण सुईचा परिणाम समजून घ्यायला त्या सापडण्याची गरजही नाही.

सुई स्नायूत गेली की तिथल्या बारीक मज्जातंतूंना चाळवते. तो निरोप मज्जारज्जूत पोचतो आणि तिथेच दुखण्याच्या निरोपांना काही अंशी अडवतो. पुढे मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो. १९७०च्या दशकात नॅलोक्सोन हे अफूचा परिणाम उलटवणारं औषध देऊन पाहिलं, तर सुईने आलेला आराम कमी झाला. म्हणजे आराम शरीराच्या आतल्या अफूसदृश रसायनांतून येत होता. २०१० साली उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या आसपास ॲडेनोसिन हे वेदना दाबणारं रसायन वाढलेलं आढळलं. शिवाय सुई फिरवली की त्वचेखालचं जाळीदार ऊतक तिच्याभोवती सुतासारखं गुंडाळलं जातं, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं आहे. सुई घट्ट धरल्यासारखी वाटते ती बऱ्याच अंशी यामुळे.

आणि अपेक्षेचा वाटाही मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली आले. खऱ्या बिंदूंवर नीट सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना फरक पडला. बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना पडला. नेहमीची औषधं आणि व्यायाम घेणाऱ्यांत हा आकडा २७.४ टक्के होता. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो : टोचून घेणं न घेण्यापेक्षा बरं ठरलं, पण नेमकं कुठे टोचलं याला फारसं महत्त्व उरलं नाही. खांद्याच्या जुन्या दुखण्यावर जर्मनीतच ४२४ रुग्णांची चाचणी झाली, तिच्यात चित्र वेगळं दिसलं. तिथे खरी सुई ६५ टक्के, खोटी २४ आणि नेहमीचे उपचार ३७ टक्के असा निकाल लागला. म्हणून कोणी ‘हे सगळं थोतांड’ म्हणालं किंवा ‘हजारो वर्षांचं शास्त्र, शंकाच नको’ म्हणालं, तर दोघांनीही आकडे पाहिलेले नाहीत असं समजावं. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं आणि त्याच संस्थेने २०२१ साली दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणाऱ्या जुनाट वेदनेसाठी त्याचा विचार करा म्हटलं. गोंधळ आहे, पण अप्रामाणिक नाही. दुखणं बदललं की उत्तर बदलतं.

टेबलावर

सुई भरीव असते, इंजेक्शनसारखी पोकळ नसते. जाडी बहुधा ०.२५ मिलिमीटर, म्हणजे इन्सुलिनच्या अगदी बारीक सुईइतकी. हातापायाच्या पंजाला २५ मिलिमीटर लांबीची पुरते, पोटरी आणि दंडाला ४० ची लागते, कुल्ल्याच्या जाड स्नायूत ५० ते ७५ ची. प्लॅस्टिकच्या छोट्या नळीतून टिचकी मारून ती त्वचेत घालतात, त्यामुळे टोचल्याचं जवळजवळ कळत नाही. मग नळी काढून सुई हव्या त्या खोलीला नेतात आणि हलकेच फिरवतात. तिथे जडपणा येतो, ठणकल्यासारखं किंवा आत काहीतरी पसरल्यासारखं वाटतं. ते अपेक्षितच असतं. विजेचा झटका खाली पायाच्या बोटांपर्यंत गेला तर मात्र मज्जातंतूला स्पर्श झालाय. लगेच बोला, सुई मागे घेतली पाहिजे. सहन करण्यात मर्दुमकी नाही.

सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात. काही ठिकाणी दोन-दोन सुयांना चिमटे लावून बारीक वीज सोडतात. सेकंदाला दोन ठोके असा संथ वेग ठेवला तर स्नायू हळूहळू उडताना दिसतो आणि मेंदूतली एंडॉर्फिनसारखी रसायनं जास्त सुटतात. सेकंदाला शंभरच्या वेगाने वेगळी रसायनं सुटतात. वीज इतकीच असावी की स्नायू उडेल पण दुखणार नाही. पेसमेकर असेल तर ही वीज नको म्हणजे नकोच.

फिजिओथेरपिस्ट जे ‘ड्राय नीडलिंग’ करतात, त्यात सुई तीच पण विचार वेगळा. स्नायूत बोटाला लागणारी दुखरी गाठ शोधून तिच्यात सुई वर-खाली करतात, स्नायू माशासारखा एकदम तडफडतो आणि मग सैल पडतो. त्यानंतर २४ ते ४८ तास ती जागा मुका मार लागल्यासारखी दुखते. सामन्याच्या आदल्या दिवशी हे करून घेणारे पुष्कळ असतात आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाही म्हणून सुईला बोल लावतात.

जाताना उपाशी जाऊ नका, आणि पहिल्या वेळी आडवे पडूनच सुया घ्या. रिकाम्या पोटी, बसलेल्या स्थितीत, घामाघूम अंगाने सुया घेतल्या की चक्कर येते; दीडशे किलो उचलणारा गडीही सुई पाहून पांढरा पडतो. तसं झालं तर सगळ्या सुया काढायच्या, पाय उंच करायचे, पाच-दहा मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो. कधी स्नायू आवळून सुई अडकते. ती ओढायची नसते. दोन-चार मिनिटं थांबायचं, आजूबाजूला हलकं थोपटायचं, मग ती सुटते.

पोटरीचं वेळापत्रक

आता त्या फाटलेल्या पोटरीकडे परत येऊ. सुईआधी दोन तपासण्या हव्यातच. पालथं झोपून पावलं पलंगाबाहेर सोडायची आणि कोणीतरी पोटरी दाबायची. पाऊल तळव्याच्या दिशेने हललं पाहिजे. हललं नाही तर टाचेची मोठी कंडरा तुटली आहे, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा. दुसरं, आख्खी पोटरी सुजून गरम झाली असेल, बसल्या जागीही ठणकत असेल, नुकताच लांबचा प्रवास झाला असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यायची आणि डॉपलर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करायची. अशा पोटरीला सुई किंवा मालिश, दोन्ही वर्ज्य.

या दोन्हींतून पार पडलात की पहिले ७२ तास पोटरीत सुई नाही. आत रक्तस्राव नुकता थांबलेला असतो. चोळणं, शेकणं, जोरात ताण देणं हेही नाही. दाबपट्टी बांधा, दोन्ही बुटांत टाचेखाली सेंटिमीटरभर जाडीची गादी घाला म्हणजे स्नायूवरचा ताण उतरतो, आणि सोसेल तेवढं चाला. अगदीच कळ असेल तर जखमेपासून लांबच्या बिंदूंवर सुया घेता येतात. ॲक्युपंक्चरच्या बिंदूंना अक्षरं आणि आकड्यांची नावं असतात. त्यातला सर्वांत वापरात असलेला एसटी ३६ : गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या अंगाला जो खळगा असतो, त्याच्यापासून चार बोटं खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. जीबी ३४ हा गुडघ्याखाली बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडाच्या गोळ्याच्या जरा पुढे-खाली. परंपरेत तो कंडरांचा बिंदू मानतात. पण त्या हाडाच्या मानेला वळसा घालून पाऊल उचलणारा मज्जातंतू जातो, म्हणून तो शिकाऊ हाताचा बिंदू नव्हे.

चौथ्या दिवसाच्या आसपास बसल्या बसल्या व्यायाम सुरू करता येतो. पाऊल जमिनीवर टेकलेलं, टाच न उचलता चवड्याने जमीन दाबायची, ३० ते ४५ सेकंद धरायचं, अशा पाच वेळा. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, त्याच्या वर नाही. या टप्प्यावर पोटरीतल्या सुयांना जागा आहे, पण फाटलेल्या जागेत नव्हे. तिच्या वर आणि बाजूला, जिथे स्नायू घाबरून आवळून बसलेला असतो. बीएल ५७ हा नेहमीचा बिंदू नेमका पोटरीचा फुगीर भाग संपतो तिथे येतो, म्हणजे बहुतेकदा जखमेच्या दारातच. अनुभवी माणूस तो या काळात टाळतो. गुडघ्यामागच्या लवणीतला बीएल ४० देखील जपून, खाली मोठी रोहिणी आणि मज्जातंतू आहेत.

सुया आठवड्यातून दोनदा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. त्याच दिवशी जोरकस काही करायचं नाही, कारण कळ दबलेली असते आणि धोक्याची घंटा वाजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाची पुढची पायरी : दोन्ही पायांवर टाचा उचलणं, १५ चे तीन सेट. तीनचार दिवस हे निभलं की एका पायावर. गुडघा सरळ ठेवून वरचा स्नायू काम करतो आणि गुडघा वाकवून आतला, म्हणून दोन्ही प्रकारे. किरकोळ फाटलं असेल तर दोन-तीन आठवड्यांत माणूस पळतो. मध्यम असेल तर चार ते आठ आठवडे धरून चाला.

एका वहीत तीन गोष्टी रोज लिहा : सकाळच्या पहिल्या पावलाला दहापैकी किती दुखलं, एका पायावर किती वेळा टाच उचलली गेली, वेदनाशामक गोळी घ्यावी लागली का. चार सिटिंगनंतर यातला एकही आकडा सरकला नसेल तर पाचवी घेऊ नका, निदान पुन्हा तपासून घ्या. ‘दहाचं पॅकेज घ्या, स्वस्त पडेल’ असं पहिल्याच भेटीत सांगणाऱ्याकडे हेच वाक्य उलटं फिरवा : चारनंतर ठरवू.

खांद्यावरची सुई आणि फुप्फुस

मान आणि खांदा यांच्या मधोमध, जिथे बारबेलचा दांडा टेकतो, तिथे जीबी २१ आहे. पुश-प्रेस, पुल-अप करणाऱ्यांना तिथे दगडासारख्या गाठी असतात, म्हणून टोचून घ्यायचा मोह फार. त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं. छातीच्या भिंतीवर काही ठिकाणी, सडपातळ माणसात विशेष, त्वचेपासून फुप्फुस फक्त एक ते दोन सेंटिमीटरवर असतं. सरळ खाली घातलेली सुई ते भोसकू शकते. जाणकार इथे स्नायू दोन बोटांच्या चिमटीत उचलून धरतो आणि सुई आडवी, उथळ घालतो, किंवा सरळ खांद्याच्या टोकावरचा एलआय १५ वापरतो. पाठीच्या फऱ्याभोवती आणि बरगड्यांवर हीच काळजी.

फुप्फुस टोचलं तर ते टेबलावरच कळेल असं नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, श्वास घेताना छातीत कळ येते, कोरडा खोकला येतो, जिना चढताना दम लागतो. सुया घेऊन आल्यावर हे झालं तर इमर्जन्सीत जायचं, एक्स-रे काढायचा आणि डॉक्टरांना ‘काल खांद्यात सुया घेतल्या’ हे आवर्जून सांगायचं. ॲसिडिटी समजून घरी बसू नका. ही गुंतागुंत क्वचित होते, पण जी होते ती बहुतेकदा घाईने किंवा अज्ञानाने होते.

बाकीचे त्रास किरकोळ : निळा-जांभळा डाग, दोन थेंब रक्त, थोडी गुंगी. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल किंवा गर्भारपण असेल तर आधी सांगा.

कोणाच्या हातून

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. विजय कुमार बसू पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्याला आणलं. भारतात ही विद्या रुजली ती अशी. महाराष्ट्राने २०१५ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे. केंद्र सरकारने २०१९ साली उपचारपद्धती म्हणून तिला मान्यता दिली. म्हणून आपल्याकडे ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ हा प्रश्न विचारता येतो. तो विचारावाच. जिमच्या कोपऱ्यात वीकेंडचा कोर्स करून आलेला ट्रेनर सुया काढत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

खोलीत गेल्यावर डोळे उघडे ठेवा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, त्यावरची मुदत संपलेली नसावी, प्रत्येक सुई एकदाच वापरायची. ‘तुमचीच सुई आहे, पुढच्या वेळी हीच वापरू’ असं म्हणणाऱ्याकडे पुढची वेळ येऊ देऊ नका. कावीळ ब अशीच पसरते. टोचताना सुया मोजल्या जातात, काढताना पुन्हा मोजल्या पाहिजेत. पालथ्या माणसाच्या कुल्ल्यात राहिलेली सुई त्याला घरी बसताना सापडते, असं घडतं. वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायच्या असतात. कचऱ्याच्या पिशवीत टाकलेल्या दिसल्या तर बाकीची स्वच्छता कशी असेल याचा अंदाज येतो.

परत उडी मारायची कधी, याचं उत्तर वहीत असतं. दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतक्याच, साधारण २५ वेळा टाचा उचलता आल्या, मग जागच्या जागी एका पायावर दहा उड्या कळ न येता झाल्या, तरच खोकं. आणि सुरुवातीचे काही आठवडे त्यावर उडी मारून चढायचं, पण उतरायचं पाय टेकत, एकेक पाऊल खाली ठेवून. त्या दिवशी सुया घ्यायच्या नाहीत. पोटरी काय म्हणतेय ते स्पष्ट ऐकू आलं पाहिजे.